सूर ढळवणारी खुंटी

खुंटी पिळायची ती सूर लागावा म्हणून. तंबोरा असो, सतार असो की सारंगी, सगळीकडे हाच रिवाज. पण सूर ढळावा म्हणून मुद्दाम खुंटी बसवलेलं एक वाद्य २०२० च्या ऑक्टोबरात बाजारात आलं. कॅलिफोर्नियातल्या सिक्वेन्शियल या कंपनीचा 'प्रॉफेट-५' हा सिंथेसायझर. वाद्य तसं जुनंच, १९७८ सालचं. ते नव्यानं घडवताना कंपनीनं त्याच्यावर 'व्हिंटेज' असं लिहिलेला एक नॉब बसवला. त्याला ४ ते १ असे आकडे. ४ वर ठेवला की वाद्य शहाण्या मुलासारखं सुरात. तिथून १ कडे सरकवू लागलं की आतले पाचही आवाज एकमेकांशी जरा जरा फटकून वागू लागतात. एक केसभर चढा, दुसरा केसभर उतरलेला, तिसरा सुरुवात करताना किंचित आळसावलेला.

गंमत अशी की हाच दोष घालवण्यासाठी याच कंपनीनं १९८० मध्ये याच वाद्याच्या पोटातल्या चिप्स बदलल्या होत्या. घालवलेला दोष चाळीस वर्षांनी नॉब लावून परत आणला, आणि गिऱ्हाइकांनी तो पैसे मोजून घेतला.

या कंपनीचा संस्थापक डेव्ह स्मिथ. त्याचा जन्म १९५० चा, सॅन फ्रान्सिस्कोतला. बर्कलेच्या विद्यापीठात कॉम्प्युटर आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकून तो सिलिकॉन व्हॅलीत नोकरीला लागला. १९७२ मध्ये त्यानं मिनीमूग नावाचा एक सिंथेसायझर विकत घेतला. मिनीमूगवर एका वेळी एकच सूर वाजतो, आणि त्या सुराचा पोत ठरतो तो पाटीवरच्या नॉबांवरून. एका गाण्यासाठी आवाज जमवला आणि पुढच्या गाण्यासाठी नॉब हलवले, की आधीचा आवाज गेला. वाजवणारे लोक कागदावर पाटीचं चित्र काढून, कुठला नॉब कितीवर होता त्याच्या खुणा करून ठेवत. तरी तोच आवाज दुसऱ्या दिवशी सापडेल याची खात्री नसे.

स्मिथनं आपल्या मिनीमूगला जोड म्हणून एक सिक्वेन्सर बनवला, म्हणजे ठरावीक सुरांची मालिका आपोआप वाजवत राहणारी पेटी. मग वाटलं, आपल्याला हवी होती तशी ती आणखी कुणाला तरी हवी असेल. १९७४ मध्ये त्यानं 'सिक्वेन्शियल सर्किट्स' नावाची कंपनी काढली. नोकरी चालूच होती. कंपनी म्हणजे संध्याकाळचा उद्योग. सिक्वेन्सरनंतर त्यानं 'प्रोग्रॅमर' नावाचं एक उपकरण काढलं, दुसऱ्यांच्या सिंथेसायझरला जोडून आवाज लक्षात ठेवणारं. पुढे जे घडलं त्याचं बीज या दुय्यम, आज फारशा कुणाच्या लक्षात नसलेल्या वस्तूत आहे.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर दोन गोष्टी बाजारात मिळू लागल्या. एक म्हणजे स्वस्त मायक्रोप्रोसेसर. दुसरी, सिंथेसायझरचे एकेक भाग एकाच चिपवर बसवलेले तयार तुकडे. दोन्ही एकत्र केले की आवाज लक्षात ठेवणारा, एकाच वेळी अनेक सूर वाजवणारा सिंथेसायझर बनू शकतो, हे स्मिथच्या ध्यानात आलं. पुढे त्यानं मुलाखतींतून सांगितलेली गोष्ट मला फार आवडते. त्याला वाटलं, हे इतकं उघड आहे की मूग किंवा एआरपी या बड्या कंपन्या ते करतच असणार. त्यानं थोडी वाट पाहिली. कुणीच करत नाही असं दिसल्यावर १९७७ मध्ये नोकरी सोडली आणि जॉन बोवेन या सहकाऱ्याबरोबर स्वतःच कामाला लागला.

जानेवारी १९७८. अ‍ॅनाहाइम शहरात वाद्य-व्यापाऱ्यांचं वार्षिक प्रदर्शन, ज्याला धंद्यातले लोक 'नॅम' म्हणतात. तिथे प्रॉफेट-५ पहिल्यांदा दिसला. पाच आवाज, म्हणजे हाताच्या पाचही बोटांना एकेक. शिवाय नॉब लावून जमवलेले चाळीस वेगवेगळे आवाज साठवायची सोय. बटण दाबलं की नॉब कुठेही असले तरी साठवलेला आवाज हजर. त्याच्याबरोबर दहा आवाजांचा मोठा भाऊही मांडला होता, पण तो इतका तापायचा की सुरातच राहीना. त्याला बाजूला ठेवावं लागलं, आणि पाच आवाजांच्या धाकट्यानं घर चालवलं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. आज 'व्हिंटेज अ‍ॅनालॉग' म्हणून ज्याची आरती होते ते हे वाद्य जन्मलं तेव्हा अति आधुनिक होतं. त्याच्या पोटात झेड-८० नावाचा मायक्रोप्रोसेसर होता. आवाज निर्माण करण्याचं काम मात्र तो करत नसे. त्याचं काम कारकुनाचं: कुठली पट्टी दाबली, कुठला नॉब किती फिरला, कुठला आवाज रिकामा आहे, याची नोंद ठेवायची आणि पुढच्या टेबलाकडे पाठवायची. आवाज निघे तो विजेच्या खऱ्या कंपनातून, ऑसिलेटर नावाच्या सर्किटातून. पाच आवाज आणि प्रत्येकाला दोन, असे एकूण दहा ऑसिलेटर.

खरी डोकेदुखी याच दहा जणांची. अशा वाद्यांत सूर ठरतो तो विजेच्या दाबावर. दाब एक व्होल्टनं वाढला की सूर एक सप्तक वर. म्हणजे सा आणि कोमल रे यांच्यातलं अंतर व्होल्टचा बारावा हिस्सा, सुमारे ८३ मिलिव्होल्ट. आणि ज्या ट्रान्झिस्टरवर हा सगळा हिशोब उभा, त्याचा स्वभाव तापमानाबरोबर बदलतो. स्टेजवरचे दिवे लागले, वाद्य आतून तापलं, की दहाही ऑसिलेटर आपापल्या मर्जीनं सरकायला लागतात. एसी सभागृहात तंबोरा उतरल्यावर गायकाच्या कपाळावर जी आठी पडते, तीच इथे कीबोर्डवाल्याच्या. म्हणून प्रॉफेटवर 'ट्यून' नावाचं एक बटण होतं. ते दाबलं की कारकून प्रत्येक ऑसिलेटरची कंपनं घड्याळाशी ताडून पाही आणि चुकलेल्याला जागेवर आणी. तेवढे काही क्षण वादकानं गप्प बसायचं.

पहिली १८२ वाद्यं जवळपास हातानंच जुळवलेली होती आणि ती फारशी भरवशाची नव्हती. दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त्या झाल्या, हजारावर वाद्यं विकली गेली. १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीत कंपनीनं जुन्या एसएसएम चिप्स काढून डग कर्टिस या अभियंत्याच्या सीईएम चिप्स बसवल्या. वाद्य शांत झालं, सुरात राहू लागलं, आणि त्याच क्षणी कुरकुरही सुरू झाली. पहिल्या दोन आवृत्त्यांचा आवाज अधिक भरीव होता असं काही वादक म्हणू लागले. आज जुन्या प्रॉफेटच्या बाजारात 'रेव्ह टू की रेव्ह थ्री' हा वाद आपल्याकडच्या घराण्यांच्या वादाइतक्याच पोटतिडकीनं घातला जातो.

१९८४ पर्यंत सगळ्या आवृत्त्या मिळून सुमारे सहा हजार प्रॉफेट-५ बनले. आकडा मोठा नाही. पण ते गेले कुठे ते पाहा. फिल कॉलिन्सच्या 'इन द एअर टुनाइट' मधले ते ढगाळ सूर, जॉन कारपेंटरच्या चित्रपटांतली त्याची स्वतःची थंडगार पार्श्वसंगीतं, १९८३ च्या 'मेरी ख्रिसमस, मिस्टर लॉरेन्स' साठी र्‍युइची साकामोतोनं केलेलं संगीत. या सगळ्यांत तो आहे. आवाजाचं नाव ठाऊक नसलेल्या माणसानंही तो ऐकलेला असतो.

पण सिक्वेन्शियलचं सर्वांत दूरवर पोचलेलं काम प्रॉफेट नव्हे. ते एक प्लग आणि एक बोली आहे.

१९८० च्या सुमाराला प्रत्येक कंपनीचं वाद्य आपल्याच भाषेत बोले. मुंबईतलं एक उदाहरण इथे चपखल बसतं. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गिटार वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' नावाची ध्वनिमुद्रिका काढली. भैरव, ललित, यमन असे राग, आणि खाली यंत्राचा अथक ठेका. ती तेव्हा कुणी फारशी ऐकली नाही. २०१० च्या पुनर्प्रकाशनानंतर जगभर तिचा गवगवा झाला आणि शिकागोच्या 'अ‍ॅसिड हाउस' या नृत्यसंगीताच्या आधीच मुंबईत ते घडलं होतं, अशी चर्चा रंगली. या चर्चेत मला लक्षवेधी वाटतं ते वेगळंच. सिंग यांची तिन्ही यंत्रं, ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८, एकाच रोलँड कंपनीची होती. एका घरची म्हणून ती एका लयीत चालू शकली. रोलँडला प्रॉफेट जोडायचा म्हटला असता तर कठीण होतं.

ही अडचण रोलँडचा संस्थापक इकुतारो काकेहाशी यालाही खुपत होती. १९८१ मध्ये त्यानं अमेरिकेतल्या ओबरहाइम आणि सिक्वेन्शियल या कंपन्यांकडे विषय काढला. स्मिथ आणि त्याचा सहकारी चेट वुड यांनी त्याच वर्षी नोव्हेंबरात सर्व वाद्यांसाठी एका समान भाषेचा आराखडा मांडला. मग रोलँड, यामाहा, कोर्ग, कावाई या जपानी कंपन्यांशी पत्रापत्री, आराखड्यांची देवाणघेवाण, दुरुस्त्या. जानेवारी १९८३ च्या नॅममध्ये सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ एका वायरनं जोडले गेले. एकावरची पट्टी दाबली आणि दुसरा वाजला. हीच 'मिडी'. पाच पिनांचा साधा प्लग, त्यातल्याही कामाच्या तीनच पिना, सेकंदाला ३१,२५० बिट्सचा वेग. कुठली पट्टी, किती जोरात, कधी सोडली, एवढंच मुख्यतः ती सांगते. आवाज त्या वायरमधून जातच नाही.

स्मिथ आणि काकेहाशी यांनी मिडीवर कुणाकडून एक पैसाही घ्यायचा नाही असं ठरवलं. त्यामुळे ती सगळ्यांची झाली. पुण्या-मुंबईच्या स्टुडिओत संगीत संयोजक कॉम्प्युटरसमोर बसून व्हायोलिनचा ताफा 'लिहितो' तो मिडीतच. आणि आपल्या ऑर्केस्ट्रांत, बँजो पार्ट्यांत दणदणणारा ऑक्टोपॅड हे रोलँडनं १९८५ मध्ये काढलेलं मिडीचंच अपत्य. मूळ ऑक्टोपॅडला स्वतःचा आवाजच नव्हता. तो दुसऱ्या यंत्राला फक्त सांगे, आता वाजव. २०१३ मध्ये दोघांना मिळून तांत्रिक कामगिरीचं ग्रॅमी मिळालं, तेव्हा मिडीला तीस वर्षं झाली होती आणि ती जवळपास होती तशीच चालू होती. कॉम्प्युटरच्या दुनियेत तीस वर्षं टिकलेली दुसरी गोष्ट शोधावी लागेल.

मिडीनं जग एक केलं, आणि त्याच १९८३ सालानं सिक्वेन्शियलच्या पायाखालची जमीन सरकवली. यामाहाचा डीएक्स-७ आला. स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंगच्या संशोधनावर उभा असलेला, पूर्ण डिजिटल, सोळा आवाजांचा, कधीच न ढळणारा, आणि प्रॉफेटपेक्षा खूप स्वस्त. पाटीवर नॉबांची गर्दी नाही. सपाट बटणं, एक छोटा पडदा. तो लाखाच्या घरात विकला गेला. मग सॅम्पलर आले, म्हणजे मुद्रित केलेले आवाज पट्ट्यांवर वाजवणारी यंत्रं. सिक्वेन्शियलनंही सॅम्पलर काढले, ड्रम मशिन काढलं, १९८६ मध्ये 'प्रॉफेट व्हीएस' सारखं खरोखर नवं काही केलं. पण सॅन होझेतल्या त्या लहान कंपनीकडे यामाहाशी लढायचं बळ नव्हतं. १९८७ मध्ये यामाहानंच ती विकत घेतली. स्मिथ पुढे काही काळ कोर्गमध्ये गेला, तिथे त्याच्या चमूनं 'वेव्हस्टेशन' बनवला. नंतर तो कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सिंथेसायझरच्या मागे लागला. 'सिक्वेन्शियल' हे नाव जपानमधल्या कुठल्याशा कपाटात पडून राहिलं.

डीएक्स-७ च्या लाटेत जुनी यंत्रं भंगाराच्या नाही तरी सेकंडहँडच्या भावानं मिळू लागली. ज्यांना नवी वाद्यं परवडत नव्हती अशा शिकागो-डेट्रॉइटच्या पोरांनी ती उचलली आणि हाउस, टेक्नो ही संगीताची नवी कुळं उभी केली. 'व्हिंटेज' ची आवड ही श्रीमंतांची हौस आहे असं आज कुणाला वाटलं तर त्याचा दोष नाही, भावच तसे आहेत. पण तिची सुरुवात खिसा रिकामा असण्यातून झाली. २००० मध्ये रेडिओहेड या इंग्लिश बँडनं गिटार बाजूला ठेवून 'किड ए' काढलं आणि त्याच्या पहिल्याच गाण्यात प्रॉफेट-५ वाजला. तोवर जुन्या वाद्यांचे भाव वर चढू लागले होते.

या आकर्षणात आठवणींचा भाग किती आणि कानाचा किती, हा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारलाय. निम्मं तरी स्मरणरंजन आहे. लाकडी बाजू, पिवळट झालेली पट्टी, ज्याच्यावर अमक्यानं तमकं गाणं केलं ते वाद्य, यांची भूल मोठी असते. आणि जुनं वाद्य पाळणं सोपंही नाही. प्रॉफेट-५ ची स्मृती एका लहान बॅटरीवर जगते. ती संपली की चाळीसच्या चाळीस आवाज पुसले जातात. मालकानं ते कॅसेटवर उतरवून ठेवले असतील तर ती कर्कश चिवचिव पुन्हा वाद्याला ऐकवायची, आणि आवाज परत येतात. एसएसएम चिप गेली तर शोधत फिरायचं.

पण उरलेलं निम्मं कानाचं आहे, आणि ते आपल्याला समजायला अवघड नाही. तंबोऱ्याच्या जोडीच्या दोन तारा एकाच षड्जात लावलेल्या असतात, तरी त्या एकच तार दोनदा छेडल्यासारख्या लागत नाहीत. जवारीचा दोरा केसभर सरकला की सगळा नाद बदलतो. दोन ध्वनी ४४० आणि ४४१ कंपनांचे असतील तर त्यांच्या एकत्र येण्यातून सेकंदाला एकदा एक हलकी लाट उठते. प्रॉफेटच्या दहा ऑसिलेटरमध्ये अशा लाटा एकमेकींत गुंतलेल्या असतात, आणि एकच स्वरसंगती दुसऱ्यांदा वाजवली तर त्या तशाच उठत नाहीत. आपल्याकडे रोजच्या रियाजाला इलेक्ट्रॉनिक तंबोरा वापरणारा गायक मैफिलीत मिरजेच्या तंबोऱ्यांची जोडी मागे का बसवतो, याचं उत्तर ज्याला ठाऊक आहे त्याला प्रॉफेटवाल्यांची हौस वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

दुसरं कारण हाताचं. डीएक्स-७ वर आवाज बदलायचा तर पडद्यावरचे आकडे वाचत बसावं लागे. प्रॉफेटवर एका कामाला एक नॉब. फिल्टर, म्हणजे आवाजाची धार कमी-जास्त करणारं सर्किट, उघडायचं तर त्याचा नॉब फिरवायचा, वाजवता वाजवता, डोळे मिटून. पेटीवाल्याचा डावा हात भात्यावर जे करतो त्याच्या जवळचं काहीतरी.

२००२ मध्ये स्मिथ पुन्हा खऱ्या वाद्यांकडे वळला. जुनं नाव हाती नव्हतं म्हणून स्वतःचंच दिलं: 'डेव्ह स्मिथ इन्स्ट्रुमेंट्स'. पहिलं वाद्य 'इव्हॉल्व्हर', मग काही वर्षांनी 'प्रॉफेट-०८', पुन्हा अ‍ॅनालॉग. कंपनी लहानच राहिली. २०१५ च्या जानेवारीत यामाहानं 'सिक्वेन्शियल' हे नाव त्याला सद्भावना म्हणून परत दिलं. त्यासाठी यामाहाच्या अध्यक्षांकडे शब्द टाकला होता काकेहाशीनं. म्हणजे एका प्रतिस्पर्ध्यानं दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याला सांगितलं, की तिसऱ्या प्रतिस्पर्ध्याचं नाव त्याला देऊन टाका. कंपन्यांच्या इतिहासात असली पानं फार सापडत नाहीत. काकेहाशी दोन वर्षांनी, एप्रिल २०१७ मध्ये गेला. २०१८ मध्ये, प्रॉफेट-५ ला चाळीस वर्षं झाली तेव्हा, सगळ्या कंपनीनंच जुनं नाव घेतलं.

जुन्या प्रॉफेटची हुबेहूब नक्कल काढायला स्मिथ बराच काळ राजी नव्हता. त्याला पुढचं काही बनवायचं असे. मात्र कर्टिसच्या ऑसिलेटर चिप्स पुन्हा बनू लागल्या. जुन्या एसएसएम फिल्टरचा मूळ रचनाकार डेव्ह रॉसम यानं त्याची नवी पिढी काढली. सामान हाताशी आल्यावर २०२० ची चौथी आवृत्ती शक्य झाली. तिच्यात दोन्ही घराणी आहेत, एक खटका दाबून जुन्या फिल्टरवरून नव्या फिल्टरवर जाता येतं. 'ट्यून' बटण जागेवर आहे. आणि तोच तो 'व्हिंटेज' नॉब.

मला त्या नॉबबद्दल थोडी शंकाही आहे. जुन्या वाद्याचा सूर ढळे तो खोलीच्या उकाड्यानं, वयानं, सोल्डर करणाऱ्याच्या हातानं. हा ढळतो तो आखून दिल्यासारखा, हिशोबात. पाऊस पाडायला टाकीतून पाणी सोडावं तसा. तरी ४ वरून २ वर नेताना तोच साधा स्वरसमूह श्वास घेऊ लागतो, हे कान नाकारत नाही. मग शंका बाजूला ठेवून मीही २ वरच थांबतो. १ वर मात्र वाद्य सर्दी झाल्यासारखं वाटतं.

२०२१ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडच्या फोकसराइट समूहानं सिक्वेन्शियल विकत घेतली. ३१ मे २०२२ रोजी स्मिथ बहात्तराव्या वर्षी गेला, घरापासून दूर, डेट्रॉइटमध्ये. म्हणजे त्याच गावात, जिथल्या पोरांनी टाकून दिलेल्या यंत्रांवर नवं संगीत उभं केलं होतं. त्याच वर्षी शरदात कंपनीनं त्याच्या हयातीत सुरू झालेलं एक वाद्य बाजारात आणलं, 'ट्रायगॉन-६'. प्रत्येक आवाजाला तीन ऑसिलेटर आणि शिडीच्या रचनेचं फिल्टर. ही मांडणी मिनीमूगची, स्मिथनं १९७२ मध्ये विकत घेतलेल्या त्या पहिल्या वाद्याची. फरक एवढाच की हा एका वेळी सहा सूर वाजवतो, लावलेला आवाज लक्षात ठेवतो, आणि त्याच्यावरही 'व्हिंटेज' लिहिलेला तो नॉब आहे.